तंबाखूमुक्तीसाठी दिनक्रमाची नवी घडी

कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले सातारा व सांगली हे जिल्हे कष्टाळू माणसांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. ऊस, हळद, द्राक्षे, भुईमूग आणि ज्वारी पिकवणाऱ्या या भागात शरीर कमावण्याची परंपराही जुनी आहे. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक स्पर्धेत कुस्तीचे कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. अशा या प्रदेशात तंबाखूला मात्र कष्टाची सोबतीण मानण्यात आले. न्याहारी झाली की चंची सुटते, बैलांना वा ट्रॅक्टरला विसावा दिला की विडी पेटते, चार माणसे पारावर बसली की चुन्याची डबी हातोहात फिरते आणि पहाटे चूल पेटण्यापूर्वी घरातील गृहिणीचे बोट मिश्रीच्या डबीत जाते.

या सर्व प्रसंगांकडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. तंबाखू ही दिवसाच्या ठरावीक वेळांशी, ठरावीक कामांशी आणि ठरावीक माणसांशी बांधलेली असते. म्हणून ती सोडण्याचा प्रश्न केवळ मनोनिग्रहाचा नाही. दिवसाची घडी तशीच ठेवून त्यातून फक्त तंबाखू काढून टाकली, तर तेथे पोकळी उरते आणि ती पोकळी माणसाला पुन्हा चंचीकडे नेते. ती जागा दुसऱ्या, आरोग्याला हितकर अशा सवयीने भरली, तर निश्चय टिकण्याची शक्यता कितीतरी वाढते.

परदेशातून आलेले पीक

तंबाखू हे मूळचे भारतीय पीक नव्हे. अमेरिका खंडातून ते पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर आले आणि दख्खनमध्ये पसरले. मोगल दरबारातील असद बेग याने १६०४-०५ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही राजधानीत तंबाखू पाहिली आणि ती सम्राट अकबराच्या भेटीसाठी नेली, असे त्याच्या वृत्तांतावरून दिसते. दरबारातील हकिमाने त्याच वेळी या अपरिचित वस्तूच्या सेवनाला हरकत घेतली होती. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची हद्द आजही विजापूर भागाशी भिडते. अशा रीतीने ही सवय या प्रदेशाच्या दाराशी चार शतकांपूर्वीच येऊन पोहोचली होती.

पुढे विसाव्या शतकात कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत विडीच्या तंबाखूची लागवड झाली आणि निपाणी ही तिची मोठी बाजारपेठ ठरली. जे पीक शिवारात दिसते, त्याची भीती वाटेनाशी होते. घरच्या भाजीपाल्याप्रमाणे घरची तंबाखूही निरुपद्रवी मानली गेली. पाहुण्याला पानसुपारीबरोबर तंबाखू पुढे करणे हा आदराचा भाग झाला. व्यसनाला अशी सामाजिक मान्यता मिळाली की ते व्यसन म्हणून ओळखणेच अवघड होते.

विडी आणि मिश्री यांविषयीचे गैरसमज

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांमध्ये तंबाखूचा वापर करणाऱ्यांचे प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते. २०१६-१७ मध्ये ते २६.६ टक्क्यांवर आले. ही घट समाधानकारक आहे. तथापि या दुसऱ्या सर्वेक्षणात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. म्हणजेच महाराष्ट्रात तंबाखूचा प्रश्न धुरापेक्षा चिमटीचा अधिक आहे. धूम्रपान सोडणाऱ्या पुष्कळ व्यक्ती विडी टाकून तंबाखू मळू लागतात आणि आपण व्यसनमुक्त झालो असे समजतात. हा निव्वळ भ्रम होय. निकोटीन हे व्यसन लावणारे द्रव्य दोन्हींत असते आणि कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्येही दोन्हींत असतात.

विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा दुसरा गैरसमज. विडीत तंबाखू कमी असते हे खरे. परंतु तिचे वेष्टण तेंदूच्या पानाचे असल्याने त्यातून हवा फारशी आत येत नाही. ती विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. परिणामी विषारी वायू व डांबर यांचा मोठा भाग फुप्फुसांत जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका राष्ट्रव्यापी अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे ६ वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी कमी होत असल्याचे आढळले. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा आकडा सुमारे १० वर्षांचा होता. धूम्रपान करणाऱ्यांत क्षयरोगाने मृत्यू येण्याचा धोकाही अधिक असतो. सांगली आणि मिरज या शहरांच्या दरम्यान वानलेसवाडी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारावे लागले, त्या परिसराला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

तिसरा गैरसमज मिश्रीचा. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून तयार केलेली ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांना लावली जाते. त्यामुळे ती व्यसनात मोजलीच जात नाही. 'घरात कोणी तंबाखू खाते काय?' असे विचारल्यास 'नाही' असे उत्तर मिळते आणि त्याच घराच्या कोनाड्यात मिश्रीची डबी असते. सुरुवातीला सकाळी एकदा लावलेली मिश्री पुढे दिवसातून चार-पाच वेळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी केली होती. तोंडातील पांढरे चट्टे आणि कर्करोग यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध त्या पाहणीतून पुढे आला. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिश्री किंवा अन्य धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवेळचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. घरातील सासूने सुनेच्या हाती मिश्रीची डबी देणे म्हणजे न जन्मलेल्या नातवाच्या वाट्याचे बळ काढून घेणे होय. टूथपेस्ट व दंतमंजन यांत तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ पासून बंदी घातली आहे. घरी भाजलेल्या मिश्रीला मात्र घरानेच बंदी घालावी लागेल.

तलफ म्हणजे काय?

विडीच्या धुरातील निकोटीन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे सुखद संवेदना निर्माण करणारी द्रव्ये स्रवू लागतात. गालात धरलेल्या तंबाखूतील निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतून हळूहळू रक्तात जाते आणि तेथे अधिक काळ टिकते. चुन्यामुळे हे शोषण अधिक सुलभ होते. कालांतराने मेंदूला या पुरवठ्याची सवय लागते. पुरवठा थांबला की अस्वस्थता, चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड आणि एकाग्रतेचा अभाव जाणवतो. एक विडी ओढताच बरे वाटते. त्यावरून विडीने थकवा जातो असा समज होतो. वस्तुतः आधीच्या विडीने निर्माण केलेली अस्वस्थताच पुढच्या विडीने तात्पुरती शमलेली असते.

हा शरीराचा भाग झाला. दुसरा भाग सवयीचा. वर्षानुवर्षे चहानंतर विडी ओढणाऱ्याला चहाचा वास येताच विडीची आठवण होते. शरीराची ओढ सामान्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. सवयीची आठवण मात्र महिनोन्महिने डोके वर काढते. दिनक्रम बदलण्याला महत्त्व आहे ते यामुळेच.

पहिली पायरी : नोंद आणि दिवस

तंबाखू सोडण्यापूर्वी एक आठवडा साधी नोंद ठेवावी. दिवसातून किती वेळा, कोणत्या वेळी, कोणत्या कामाच्या आधी वा नंतर आणि कोणाच्या संगतीत तंबाखू घेतली, एवढेच लिहावे. लिहिता न येणाऱ्याला घरातील शाळकरी मूल ही मदत आनंदाने करील. नमुन्यादाखल एखाद्या ऊस उत्पादक शेतकऱ्याची नोंद अशी निघू शकेल : पहाटे शौचास जाण्यापूर्वी, सकाळच्या चहानंतर, उसाला पाणी पाजताना, दुपारच्या जेवणानंतर, दूध संकलन केंद्रावर रांगेत उभे असताना, संध्याकाळी पारावर आणि रात्री निजण्यापूर्वी. म्हणजेच त्याला सोडवायचा आहे तो सात वेळांचा प्रश्न, आणि प्रत्येक वेळेसाठी उत्तर वेगळे असेल.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतील एक दिवस निश्चित करावा. तो घरच्या माणसांना आणि नेहमीच्या सोबत्यांना सांगावा. आदल्या रात्री चंची, पुड्या, काडेपेटी, चुन्याची डबी, मिश्रीची डबी हे सर्व घरातून बाहेर काढावे. 'असू दे एखादी पुडी, लागलीच तर' हा विचार निश्चयाला पहिले छिद्र पाडतो.

सात वेळांची सात उत्तरे

पहाटेच्या वेळी मिश्रीऐवजी ब्रश किंवा तंबाखू नसलेले दंतमंजन वापरावे आणि लगेच एक-दोन पेले कोमट पाणी प्यावे. तंबाखूशिवाय शौचास होत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. पाणी, पालेभाज्या, फळे, सालीसकट धान्य आणि सकाळचे चालणे यांनी ही अडचण काही दिवसांत दूर होते. सातारा शहरात अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर सकाळी चालणारी माणसे दिसतात. खेड्यात त्यासाठी निराळ्या वाटेची गरज नाही. पाणंद रस्त्याने अर्धा तास झपझप चालले तरी पुरे. शेतात कष्ट होतात हे खरे, परंतु सकाळच्या मोकळ्या हवेत चालण्याने मन ताजे होते आणि दिवसाचा आरंभ विडीशिवाय करता येतो, असा विश्वास वाटू लागतो.

चहानंतरची विडी टाळण्यासाठी चहाची जागाच बदलावी. पडवीत चहा घेत असल्यास स्वयंपाकघरात घ्यावा आणि पेला ठेवताच उठून कामाला लागावे. शेतात विसाव्याच्या वेळी खिशात चंचीच्या जागी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे किंवा तासगावकडचे मूठभर बेदाणे असावेत. हाताला आणि तोंडाला काही तरी लागतेच. ते हितकर असावे एवढेच. मधुमेह असलेल्यांनी बेदाण्यांऐवजी फुटाणे घ्यावेत. जेवणानंतर बडीशेप किंवा ओवा चघळावा, चूळ भरावी आणि दहा मिनिटे शतपावली करावी.

येथे एक इशारा आवश्यक आहे. तंबाखूला पर्याय म्हणून सुपारी कदापि घेऊ नये. सुपारी ही स्वतःच कर्करोगास कारण ठरते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला आहे. सुपारीमुळे तोंडाच्या आतील त्वचा कडक होते आणि पुढे तोंड उघडणेही कठीण होते.

रांगेतील आणि पारावरील वेळ अधिक कठीण, कारण तेथे प्रश्न संगतीचा असतो. पहिले तीन आठवडे तंबाखू मळणाऱ्या मंडळींपासून थोडे दूर राहावे. त्याऐवजी तालीम, भजनी मंडळ, वाचनालय, कबड्डीचे मैदान यांची संगत धरावी. बसलेल्या बैठकीतून उठून जाणे अपमानास्पद वाटत असेल, तर 'सोडली आहे' हे दोन शब्द स्पष्टपणे सांगावेत. 'आज नको' असे सांगितल्यास उद्या पुन्हा आग्रह होतो. रात्री वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि निजण्यापूर्वी दात घासणे हा क्रम ठेवावा. घासलेल्या तोंडात तंबाखू घालण्याचे मन सहसा होत नाही.

तलफ येईल तेव्हा

इतके करूनही तलफ येणारच. ती लाटेसारखी असते. चढते, टिकते आणि काही मिनिटांत ओसरते. त्या काही मिनिटांसाठी चार उपाय ध्यानात ठेवावेत. पहिला, 'दहा मिनिटांनी पाहू' असे स्वतःला सांगून वेळ पुढे ढकलावी. दुसरा, दहा वेळा दीर्घ श्वास घ्यावा व सावकाश सोडावा. तिसरा, घोट घोट पाणी प्यावे. चौथा, हातातील काम वा जागा बदलावी.

दीर्घकाळ आणि अधिक प्रमाणात सेवन करणाऱ्यांनी वैद्यकीय साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. निकोटीनची गोळी चघळण्याच्या स्वरूपात मिळते. ती सतत चावायची नसून थोडी चावून गाल व हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायची असते. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती घेऊ नये. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते.

एखाद्या लग्नात वा जत्रेत निश्चय मोडला, तर सर्व संपले असे मानू नये. अनेकांना कायमचे यश मिळण्यापूर्वी एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात. कोणत्या प्रसंगी पाय घसरला याची नोंद करावी आणि दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा आरंभ करावा. कुस्तीत एकदा पाठ टेकली म्हणून पैलवान तालीम सोडीत नाही.

आरशासमोर दोन मिनिटे

तंबाखू वापरणाऱ्याने, आणि ती सोडल्यानंतरही, महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहून तोंड तपासावे. ओठ, गालांचा आतील भाग, हिरड्या, जिभेच्या कडा व जिभेखालील भाग पाहावा. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, तिखट सहन न होणे किंवा तोंड पुरेसे न उघडणे यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब शासकीय रुग्णालयातील दंतवैद्याला दाखवावे. कर्करोगापूर्वीची ही चिन्हे पुष्कळदा दुखत नाहीत, म्हणूनच ती दुर्लक्षिली जातात. वेळीच ओळखल्यास उपचार सोपे होतात. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय स्थापन केल्यापासून मिरज हे दूरदूरच्या रुग्णांचे आशास्थान राहिले आहे. तथापि उशिरा येणाऱ्या रुग्णासाठी उत्तम रुग्णालयाचेही हात बांधलेले असतात.

घर, शाळा आणि गाव

व्यसनाविरुद्ध संघटितपणे उभे राहण्याचा वारसा या जिल्ह्यांना आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यात असताना, १९४० च्या दशकात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने गावोगाव दारूविरुद्ध मोहीम चालवली होती. कराडच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिलेले आहे, त्या संत गाडगे महाराजांनी हाती झाडू घेऊन स्वच्छतेची आणि व्यसनमुक्तीची शिकवण दिली. साताऱ्यात जन्मलेले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीसाठी काम करणारी संस्था उभी केली. व्यसनी माणसाची निंदा न करता त्याला उपचार व सोबत द्यावी, हा या कामाचा पाया आहे.

कायद्याची साथही आता उपलब्ध आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास, १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घालण्यात आली. परंतु बापानेच मुलाच्या हाती पैसे देऊन दुकानातून पुडी आणविली, तर कायदा काय करील? तंबाखूची ओळख मुलाला बहुधा बाजारात होत नाही, ती घरात होते. पाहुण्याच्या तबकातून तंबाखू काढून तेथे गूळ-शेंगदाणे ठेवणे, हळदीकुंकवाच्या समारंभात मिश्रीचे दुष्परिणाम समजावून सांगणे, ग्रामसभेत शाळेभोवतालच्या विक्रीचा विषय मांडणे ही कामे कोणत्याही गावाला विनाखर्च करता येतील.

आता उशीर झाला, या वयात सोडून काय मिळणार, असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. त्यांना शास्त्राचे उत्तर आशादायक आहे. धूम्रपान थांबवल्यावर २० मिनिटांत हृदयाची गती उतरू लागते. १२ तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सामान्य पातळीवर येते. काही महिन्यांत खोकला व धाप कमी होते आणि एका वर्षात धूम्रपानामुळे हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या १९५१ पासून केलेल्या पन्नास वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार तिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यास सुमारे १०, चाळिसाव्या वर्षी ९, पन्नासाव्या वर्षी ६ आणि साठाव्या वर्षीही ३ वर्षांचे आयुष्य परत मिळते. साठीच्या आजोबांसाठी ही तीन वर्षे म्हणजे नातवाचे शाळेत जाणे, नव्या फळबागेचा पहिला बहर आणि घरातील एखादे मंगलकार्य होय. ती मिळवण्यासाठी धन लागत नाही. हवा असतो एक निश्चित दिवस, नव्याने घातलेली दिनक्रमाची घडी आणि घरच्या माणसांची साथ.